धडक्या कपड्यांतलं प्रेत : लिंकनशरमधले सहा दिवस

मार्च १३७५. इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यात ग्रेइंगहॅम गावच्या शेतात एक सरदार मरून पडलेला सापडला. पायांत घोडेस्वारीचे बूट, टाचांना घोड्याला टोचायचे काटे, कमरेला पट्टा, अंगावर घरंदाज माणसाचे कपडे. वाटमाऱ्यांनी गाठून मारलं असणार, असं कुणालाही वाटावं. पण अंगावर भोसकल्याच्या अनेक जखमा होत्या आणि त्यांवरचे कपडे धड होते. कापडाला ना भोक, ना रक्ताचा डाग.

मेलेला माणूस सर विल्यम द कँटिलूप, वय तिशीच्या आसपास. फ्रान्सच्या युद्धात चाकरी केलेला, पिढ्यान्‌पिढ्या राजदरबारात वजन असलेल्या घराण्यातला. राहतं घर सहा किलोमीटरवर, स्कॉटन गावात. ही सहल त्या सहा किलोमीटरांची आहे; बाकीचे दिवस त्यांच्या आगेमागे. आरोपींची नावं पहिल्या दिवशीच सांगून टाकू, कारण या खुनात ‘कुणी मारलं’पेक्षा ‘किती जणांशिवाय हे जमलंच नसतं’ हा प्रश्न जास्त खुमासदार आहे, आणि त्याचं उत्तर पुस्तकापेक्षा पायी चालताना लवकर सापडतं.

तयारीचं थोडक्यात. लिंकनपर्यंत रेल्वेनं जा, पुढे गाडी भाड्यानं घ्या. कर्टन इन लिंडसीला स्थानक आहे, पण गाड्या इतक्या तुरळक की त्यांच्या भरवशावर दिवस आखता येत नाही. १:२५,००० मापाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा घ्या; पायवाटा त्यावर हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. घोट्यापर्यंतचे, चिखलाला न घाबरणारे बूट हवेत. गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी दोनच्या सुमारास बंद होतं, तेव्हा जेवण आधी उरकायचं किंवा डबा बरोबर ठेवायचा.

पहिला दिवस : लिंकन

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडी असेल तर दोन तास. नसेल तर न्यूअर्कला बदलावी लागते. स्थानक खाली, किल्ला आणि कथीड्रल वर, आणि मधे स्टीप हिल. नावाप्रमाणेच चढ आहे, तोही दगडी फरसबंदीचा. चाकांची बॅग ओढत हा चढ चढायचा विचारसुद्धा करू नका. सामान खालीच कुठेतरी ठेवा किंवा टॅक्सी करा.

आधी कथीड्रल. एंजल क्वायर नावाच्या पूर्वेकडच्या भागात, जिथे कोपऱ्यात बसलेलं दगडी भूत पाहायला सगळे माना वर करून उभे असतात, तिथेच कँटिलूप घराण्याचं थडगं आहे: निकोलस, तिसरा लॉर्ड कँटिलूप, मृत्यू १३५५. वर कोरलेली छत्री, खाली मोडतोड झालेला चिलखतातला पुतळा. हा आपल्या विल्यमचा आजोबा. बाहेर दक्षिणेच्या अंगाला कँटिलूप चँट्री हाउस आहे. आजोबांच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायला नेमलेल्या पाद्र्यांची ती राहायची जागा. घराण्याकडे किती पैसा होता ते या दोन वास्तूंवरून कळतं, आणि हा पैसा पुढे कुणाला हवासा वाटला असेल तेही.

मग किल्ला. आवार पाहायला पैसे पडत नाहीत. तटावरची फेरी, तुरुंग आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टाची प्रत यांना तिकीट आहे. इथे एक चूक हमखास होते. आत दिसणारा विटांचा तुरुंग १८व्या-१९व्या शतकातला आहे. १३७५ ची कोठडी ती नव्हे. त्या काळातलं काही अंगाला भिडावं असं वाटत असेल तर ईशान्य कोपऱ्यातल्या कॉब हॉल या अर्धगोल बुरुजात उतरा. भिंतीवर कैद्यांनी कोरलेल्या आकृत्या आहेत.

किल्ल्यातच फौजदारी कोर्टाची इमारत आहे आणि तिथे आजही खटले चालतात. ‘शेरिफ’ या शब्दाचं वजन इथे कळतं. मध्ययुगात परगण्याचा शेरिफ म्हणजे राजाचा हात. किल्ला आणि तुरुंग त्याच्या ताब्यात, राजाचे हुकूम बजावायचे त्यानं, आणि ज्यूरीत बसणाऱ्या माणसांची यादीही करायची त्यानंच. १३७५ मध्ये लिंकनशरचा शेरिफ होता सर थॉमस किडेल. या खुनात ज्यांच्यावर संशयाचं बोट रोखलं गेलं, त्यांत तोही एक. कुंपणानंच शेत खाल्ल्यावर फिर्याद कुणाकडे न्यायची?

बाकीची नावं अशी. विल्यमची बायको मॉड, माहेरची नेव्हिल. शेजारचा सरदार सर राल्फ पेनेल, ज्याचं कँटिलूप घराण्याशी जुनं वैर होतं. आणि विल्यमची घरातली झाडून सगळी माणसं: शिलेदार (म्हणजे स्क्वायर, सरदाराच्या तैनातीतला खास मदतनीस) रिचर्ड गाईज, रॉजर कूक, मॉडची दासी अ‍ॅगाथा, शिवाय कारभाऱ्यापासून मोतद्दारापर्यंत डझनभर. रॉजर कूकला काही अभ्यासक आचारी म्हणतात, काही बटलर. बटलर असेल तर ‘खून बटलरनंच केला’ हा रहस्यकथांमधला घासून गुळगुळीत झालेला विनोद इंग्लंडात साडेसहाशे वर्षं जुना म्हणायचा.

अ‍ॅगाथाला याच किल्ल्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. तिनं तुरुंगरक्षकाला पैसे चारले आणि ती पळाली. तुरुंग कुणाच्या अखत्यारीत होता, ते वर सांगितलंच आहे.

दुसरा दिवस : स्कॉटन ते ग्रेइंगहॅम

लिंकनहून उत्तरेला दोन रस्ते जातात. ए१५ हा रोमन लोकांचा अर्मिन स्ट्रीट, पट्टीनं आखल्यासारखा सरळ. फक्त स्कॅम्प्टनपाशी तो धनुष्यासारखा वाकतो, कारण १९५० च्या दशकात तिथल्या हवाई तळाची धावपट्टी लांबवली आणि रस्ता बाजूला सारला. दुसरा बी१३९८, लिंकन क्लिफ या लांबच लांब कड्याच्या पश्चिम काठानं जाणारा. आपण दुसरा धरायचा. ‘कडा’ म्हटल्यावर सह्याद्री डोळ्यांसमोर आणू नका. आजूबाजूच्या सखल भागापेक्षा जेमतेम ४०-५० मीटर उंच असा हा चुनखडीचा बांध आहे. पण या सपाट मुलखात तेवढ्या उंचीवरूनही पश्चिमेकडचं ट्रेंट नदीचं खोरं पार क्षितिजापर्यंत दिसतं.

कर्टनहून पश्चिमेला खाली उतरलं की स्कॉटन. गाडी चर्चजवळ, कुणाचं फाटक अडणार नाही अशी लावा. चर्च सेंट जेनेविसचं; हा संत इतका दुर्मीळ की इंग्लंडात दुसरीकडे त्याचं नाव सहसा कानावर पडत नाही. गावाची चर्चं आठवडाभर उघडी असतीलच असं नाही, दरवाज्यावर किल्ली कुठे मिळेल याची चिठ्ठी असते ती वाचावी. १४व्या शतकातला वाडा मात्र शोधत फिरू नका. तो डोळ्यांसमोर उभा करावा लागतो, आणि तसा तो केल्याशिवाय खून समजत नाही.

स्कॉटन हे नेव्हिलांचं गाव, म्हणजे मॉडचं माहेर. खून झाला तो बायकोच्या माहेरच्या वाड्यात, तिच्या माणसांमध्ये. अशा वाड्याची रचना ठरलेली असायची. मधे मोठा हॉल, जिथे दिवसा सगळे जेवायचे आणि रात्री निम्मे नोकर जमिनीवर पथाऱ्या टाकायचे. हॉलच्या वरच्या टोकाला मालकाची झोपायची खोली. तिथे जायचं तर बहुधा हॉल ओलांडूनच. खालच्या टोकाला दोन कोठ्या, एक पावाची आणि एक बिअर-वाइनच्या पिंपांची. ही पिंपांची कोठी सांभाळणारा तो बटलर. स्वयंपाकघर आगीच्या भीतीनं वेगळं, अंगणापलीकडे. आवाराला फाटक, फाटकावर माणूस, आणि कुत्री.

आता खटल्याच्या नोंदींतून उभा राहणारा क्रम बघा. विल्यमला, बहुधा अंथरुणातच, अनेक वार करून मारलं. मग पाणी तापवून प्रेत धुतलं, जखमांतून रक्त वाहू नये म्हणून. कपडे, बूट, काटे, पट्टा चढवला. प्रेत पोत्यात घालून घोड्यावरून ग्रेइंगहॅमच्या शेतात नेऊन टाकलं.

गरम पाण्यापाशी जरा थांबू. रात्री विस्तव राखेखाली किंवा मातीच्या झाकणाखाली दडपून ठेवायची पद्धत होती. ‘कर्फ्यू’ हा शब्द त्या विस्तव झाकण्यावरूनच आला. म्हणजे राख उकरायची, सरपण घालायचं, विहिरीवरून पाणी आणायचं, कढई चढवायची, आणि तापलेलं पाणी अंगण ओलांडून, झोपलेल्या माणसांमधून वरच्या खोलीत न्यायचं. प्रौढ माणसाचं रक्तानं माखलेलं अंग धुवायला एक तांब्या पुरत नाही. चार-पाच बादल्या तरी लागतात, आणि तेवढंच लाल पाणी परत खाली न्यावं लागतं. स्वयंपाकघर सामील असल्याशिवाय हे होत नाही. आणि मेहनत वाया जाते ती वेगळीच. हृदय थांबलं की रक्ताला मागून जोर उरत नाही. नंतर जे झिरपतं ते अंगाच्या उतारावर अवलंबून असतं. प्रेत घोड्यावर आडवं घातलं, पोट दाबलं गेलं, डोकं खाली लोंबलं, की धुतलेल्या जखमाही पुन्हा पाझरू शकतात. तरीही धुणं त्यांना निकडीचं का वाटलं असेल? खुनी जवळ आला की प्रेताच्या जखमा वाहू लागतात, अशी तेव्हा लोकांची पक्की समजूत होती, ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंथरुणात माखलेल्या माणसावर स्वच्छ कपडे चढवायचे तर धुणं भागच होतं, ही दुसरी.

आणि कपडे. १३७० च्या दशकातला सरदाराचा पोशाख ढगळ नव्हता. आत तागाचा सदरा आणि चोळणा. त्यावर अंगाला घट्ट बसणारं, पुढून रांगेनं बटणं असलेलं डब्लेट. पाय झाकणारे लांब मोजे त्या डब्लेटला नाड्यांनी, जोडी-जोडीनं बांधायचे. नाडी सुटली तर मोजा घसरतो, म्हणून हे बांधायला जिवंतपणीसुद्धा शिलेदार हाताशी लागायचा. वर बूट, बुटाच्या टाचेला काटे. त्यांचा एक पट्टा पावलावरून, एक तळव्याखालून, बाजूला बक्कल. कमरपट्टा थेट नितंबांवर. मेलेल्या माणसाचं अंग दोन-चार तासांनी जबड्यापासून ताठ होऊ लागतं, थंडीत जरा उशिरा. एकदा कोपर आणि गुडघे आखडले की घट्ट बाह्या आणि बूट चढवणं जवळपास अशक्य. म्हणजे हे काम खुनापाठोपाठ, घाईत, निदान दोघांनी मिळून केलं असणार: एकानं उचलून धरायचं, दुसऱ्यानं चढवायचं. नाड्या कुठे आणि किती, हे ज्याच्या हाताला सवयीचं होतं तो घरात एकच, शिलेदार गाईज.

चूक इथेच झाली. एवढं सगळं नीट बांधल्यावर कपड्यांना भोकं पाडायची राहिली. पाडली असती तरी फसगतच होती. घट्ट डब्लेटमध्ये कापडाचं भोक आणि खालची जखम तंतोतंत जुळावी लागते, आणि भोकाच्या कडेला आतून आलेलं रक्त मुरलेलं दिसावं लागतं. धुतलेल्या प्रेतातून ते आणणार कुठून?

आता चालायला लागा. स्कॉटन ते ग्रेइंगहॅम सहा किलोमीटर धरा, कर्टनमार्गे थोडं जास्त. गावकुसाबाहेरची जमीन रेताड आहे. पश्चिमेला लागूनच स्कॉटन कॉमन हे झुडपांचं माळरान राखीव म्हणून जपलं आहे (उन्हाळ्यात तिथे घोणसाच्या जातीचे साप ऊन खात पडलेले असतात, वाट सोडू नका). पूर्वेकडे निघालं की रेती संपते आणि चिकणमाती लागते. मार्चमध्ये ही माती बुटाला अशी धरते की दहा पावलांत तळवा दुप्पट जड होतो. मग चढ, आणि वर चुनखडीची पांढुरकी, खडेदार, पाणी लगेच जिरवणारी जमीन. पाऊण तासात पायाखाली तीन मुलूख बदलतात. अरुंद गल्लीतून चालताना रस्त्याच्या उजव्या बाजूनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला, भडक रंगाचं जाकीट घाला; या भागात फुटपाथ नाहीत आणि कुंपणाच्या वळणावरून गाडी अचानक येते.

प्रेत लादलेला घोडा लगाम धरून चालवायचा, म्हणजे माणसाच्याच चालीनं जायचं. जाताना दीड तास, येताना एक, मधे उतरवणं-मांडणं. मार्चची रात्र बारा तासांची. खून, पाणी, धुणं, कपडे, पोतं, प्रवास हे सगळं उजाडायच्या आत बसतं, पण जेमतेम. अंधारात उजेड घेऊन निघणं धोक्याचं, न घेता चिखलातून घोडा काढणं त्याहून. खोली, स्वयंपाकघर, तबेला, फाटक, वाट, आणि परत आल्यावर काहीच न घडल्यासारखं फाटक उघडणारा कुणीतरी. चालता चालता माणसं मोजत गेलं की डझनभराचं आरोपपत्र अतिशयोक्त वाटेनासं होतं.

ग्रेइंगहॅमला पोचलात की सेंट रॅडेगंडच्या छोट्या चर्चपाशी बसा आणि समोरची कुंपणं मनातून पुसून टाका. ती बरीचशी १८व्या-१९व्या शतकातल्या जमीन-वाटपानंतरची. १३७५ मध्ये इथे उघडं शिवार होतं, लांब अरुंद पट्ट्यांत विभागलेलं, आणि मार्च म्हणजे जव-वाटाण्याच्या पेरणीची नांगरट. पहाटे बैल घेऊन माणसं शेतात येणारच. प्रेत लपवायचं असतं तर स्कॉटनचं झुडपी माळरान घराच्या पाठीशी होतं. ते सोडून उलट दिशेला, चढ चढून, उघड्या शिवारात आणून टाकलं ते सापडावं म्हणून. कड्यावरून उत्तर-दक्षिण वाहता रस्ता जातो. तिथे प्रवासी लुटला गेला, ही गोष्ट कुणालाही पटण्यासारखी. १२८५ च्या विंचेस्टर कायद्यानं बाजारगावांमधल्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांची २०० फुटांपर्यंतची झुडपं तोडायला लावली होती, का, तर वाटमाऱ्यांना दबा धरता येऊ नये. म्हणजे भीती खरी होती. बनाव रचणाऱ्यांची निवड वाईट नव्हती.

ज्याला प्रेत सापडलं त्याची मात्र धडगत नसे. ‘पहिला पाहणारा’ अशी त्याची नोंद होई आणि पुढे हजर राहण्यासाठी जामीनदार द्यावे लागत. त्यानं बोंब ठोकायची, गावानं धावायचं. न धावल्यास दंड. मग कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा राजाचा अधिकारी, येईपर्यंत प्रेत पुरायचं नाही की हलवायचं नाही, आणि कोरोनर यायला दिवस-दोन दिवस सहज लागत. जवळच्या चार गावांची माणसं गोळा करून, प्रेत उघडं करून, प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी, खोली मोजायची. कोणत्या हत्यारानं झाली ते ठरवायचं. सगळं लॅटिनमध्ये चर्मपत्रावर उतरवायचं. म्हणजे आपला पंचनामाच. या कटकटीपायी रात्रीतून प्रेत शेजारच्या गावाच्या हद्दीत सरकवून मोकळं व्हायचे प्रकारही इंग्लंडात घडत. कोरोनर हे पद ११९४ चं. ते इंग्रजांबरोबर मुंबईला आलं आणि तिथे १९९९ पर्यंत टिकलं.

कपडे उतरवून जखमा मोजायच्या या रिवाजानंच बनाव उघडा पडतो. कपड्यांवरून हात फिरवणारा सरदार बघतो. कपडे काढणारा जखम बघतो. दोन्ही एकाच वेळी बघणाऱ्यालाच मधली विसंगती दिसते.

तिसरा दिवस : गेन्सथॉर्प, मग हंबरचा काठ

ग्रेइंगहॅमपासून ईशान्येला, कर्टनच्या पलीकडे गेन्सथॉर्प आहे. किंबहुना, होतं. मध्ययुगात उठून गेलेल्या गावाच्या खुणा जमिनीवर इतक्या स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतात. प्रवेश मोफत, तिकीटघर नाही, चहा नाही, संडास नाही. शेतरस्त्याच्या शेवटी गाडी लावून गवतात शिरायचं.

भर दुपारी गेलात तर ‘हे काय, नुसतं उंचसखल कुरण!’ म्हणत परत याल. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरप्या उन्हात बुटक्या बांधांच्या सावल्या पडतात आणि मग खोलगट पट्टा म्हणजे रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना आयताकृती परसं, घरांच्या जोत्यांच्या रेषा, असं गाव हळूहळू वर येतं. विमानातून त्याचा फोटो १९२५ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि अशी गावं आकाशातून शोधायची वाट त्यातून रुळली.

या गावाबद्दल गंमतीची दंतकथा आहे. अब्राहम द ला प्राइम हा पाद्री १६९७ मध्ये इथे आला तेव्हा लोकांनी त्याला सांगितलं, की हे गाव चोर-दरोडेखोरांचं होतं, म्हणून आजूबाजूच्या लोकांनी चिडून ते जमीनदोस्त केलं. प्राइमला ते पटलं नाही. काळाच्या ओघात आणि जमिनी कुरणाखाली गेल्यानं गाव ओस पडलं असावं, असं त्यानं लिहून ठेवलं. १३४९ ची महामारी, मग १३६१ आणि १३६९ च्या लाटा यांनी या पट्ट्यातली गावं आधीच विरळ झाली होती. तरी ‘दरोडेखोरांचं गाव’ ही कथा तीनशे वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी होती. एखाद्याला खून वाटमाऱ्यांच्या गळ्यात घालायचा असेल तर त्या मुलखात श्रोते तयार होते.

दुपारी साउथ फेरिबीला जाऊन या, किडेलांच्या मूळ गावी. हंबर नदीचा रुंद, मातकट पाट, पूर्वेला झुलता हंबर पूल. शेरिफच्या काळातलं म्हणून दाखवण्यासारखं फारसं काही नाही. अर्धा तास पुरे.

चौथा दिवस : ग्रीझली आणि बोव्हेल

हा दिवस नॉटिंगहॅमशरमध्ये, वैराच्या मुळाशी. लिंकनहून गाडीनं साधारण दीड तास. ग्रीझलीचा कँटिलूप किल्ला (तटबंदीचा परवाना १३४०) आता एका शेतघरात जिरून गेला आहे. खाजगी जागा आहे, रस्त्यावरूनच बघा. जवळचा बोव्हेलचा मठ आजोबा निकोलसनं १३४३ मध्ये कार्थुसियन साधूंसाठी बांधला. भग्न भिंती आणि मठाधिपतीच्या घराचा मनोरा उभा आहे. उघडण्याचे वार बदलतात, आधी बघून जा.

विल्यमच्या थोरल्या भावाचं नावही निकोलस. त्याचं लग्न राल्फ पेनेलची मुलगी कॅथरीन हिच्याशी झालं. नवरा वैवाहिक संबंधांना असमर्थ आहे, म्हणून लग्न रद्द करा, अशी तिची बाजू यॉर्कच्या धर्मपीठापुढे १३६८ मध्ये मांडली गेली. साक्षीपुराव्यांत नवऱ्याच्या शरीराची चर्चा इतक्या उघडपणे झाली, की ते कागद वाचताना आजही कान लाल होतात. मुलगी ग्रीझलीच्या किल्ल्यात कोंडली गेली होती, तिच्याकडून उलटी शपथ वदवून घेतली गेली, अशी पेनेलकडची तक्रार. प्रकरण पोपकडे गेलं आणि १३७० मध्ये निकोलस आजच्या फ्रान्समधल्या अविन्याँमध्ये, पोपच्या दरबाराच्या गावी, मरण पावला. मिळकत धाकट्या विल्यमकडे आली, पेनेलचा राग मात्र मुरतच राहिला.

पाचवा दिवस : केथॉर्प, हफम

लिंकनहून दक्षिणेला ए६०७, पुन्हा कड्याच्याच काठानं. केथॉर्प हे पेनेलचं ठाणं. खुनानंतर मॉड आणि घरातली काही माणसं इथे येऊन राहिली, आणि पेनेलवर आश्रय दिल्याचा ठपका आला. सेंट व्हिन्सेंटचं चर्च जरूर बघा: एकाऐवजी दोन सभामंडप, मधून खांबांची एकच रांग. आत शिरल्यावर वेदी नेमकी कुठल्या बाजूला असावी असा क्षणभर गोंधळ उडतो.

कायद्याचं सांगायचं तर, १३५२ च्या राजद्रोहाच्या कायद्यानं नोकरानं मालकाला किंवा बायकोनं नवऱ्याला मारणं हा साधा खून न राहता ‘छोटा राजद्रोह’ ठरला. पुरुषाला फरफटत नेऊन फाशी, बाईला जिवंत जाळणं. कँटिलूपचा खून या कलमाखालच्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी. म्हणजे मॉडच्या डोक्यावर चिता होती. शेवटी फास लागला दोघांनाच, गाईज आणि कूक. पेनेल सुटला. मॉड सुटली. किडेलचं काहीच वाकडं झालं नाही, आणि मॉडनं पुढे त्याच्याशीच लग्न केलं.

केथॉर्पपासून थोडं नैर्ऋत्येला एक गाव आहे. नकाशावर स्पेलिंग वाचून हौघम म्हणाल, पण उच्चार हफम. इथला सर जॉन बसी हा मॉडचा तिसरा नवरा, किडेलनंतरचा. तो पार्लमेंटच्या सभागृहाचा अध्यक्ष झाला, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या अगदी आतल्या गोटातला. १३९९ मध्ये राजा कोसळला तेव्हा ब्रिस्टलला बसीचं डोकं उडवलं गेलं.

सहावा दिवस : लंडन, क्यू

राष्ट्रीय अभिलेखागार क्यूला आहे. मूळ दस्त हाताळायचे तर वाचकपत्र लागतं. ते मोफत मिळतं, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, आणि दस्त आधी मागवून ठेवा. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. कोरोनरच्या गुंडाळ्या ‘जस्ट २’ या मालिकेत, राजाच्या न्यायपीठाच्या ‘केबी २७’ मध्ये. दुसरीची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट आहेत, तेव्हा घरी सराव करून या.

दोन ठिकाणी नवखा माणूस अडतो. पहिलं, साल. नोंदी राजाच्या कारकिर्दीच्या वर्षानं आहेत. तिसऱ्या एडवर्डचं ४९वं वर्ष २५ जानेवारी १३७५ ला सुरू होतं. जिथे इसवी सन दिला असेल तिथे आणखी घोळ, कारण तेव्हा इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला लागे. मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांतली घटना त्या काळच्या लेखनिकाच्या लेखी १३७४ मधली असते. दुसरं, जागा. केबी २७ ची चर्मपत्रं वरच्या कडेला एकत्र शिवलेली असतात, भिंतीवरच्या कॅलेंडरासारखी, आणि फौजदारी खटले शेवटच्या ‘रेक्स’ विभागात असतात. पुढून वाचत बसलात तर कर्जाचे आणि जमिनीचे दावे वाचण्यातच दिवस जाईल.

लॅटिन अर्धवट येत असेल तरी चालतं. डाव्या समासात लेखनिकानं आधी परगणा लिहिलेला असतो, लिंकनशरसाठी ‘लिंक’ आणि वर शब्द तोडल्याची वळणदार खूण. त्याखाली, प्रत्येक आरोपीच्या निकालासमोर, एखादा तोडका शब्द. फासावर गेलेल्याला ‘सुस’. सुटलेल्याला ‘क्विएत’. बोट समासावर ठेवून खाली सरकायचं.